बंद पडलेली एसएसडी, आतच एन्क्रिप्शन : डेटा निघेल का?

वारणाकाठ | रविवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि शब्दकोडी वाचायला येते. आज मदत मागायला आले आहे.

बाबा शाळेतून निवृत्त झाल्यावर मोडी शिकले. २०१६ पासून आमच्या आणि आसपासच्या तीन-चार गावांतल्या घरांमधली जुनी दप्तरं ते घरी आणायचे. एकेक कागद स्कॅन करायचा, शेजारी देवनागरीत लिप्यंतर टाइप करायचं आणि दप्तर होतं तसं बांधून परत द्यायचं, असा त्यांचा दिवस. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यातली बरीच दप्तरं पाण्यात गेली, लगदा झाला. त्या कागदांचं आता जे काही उरलंय ते बाबांच्या लॅपटॉपमध्ये आहे.

बाबांना जाऊन अडीच वर्षं झाली. लॅपटॉप कपाटातच होता. गेल्या आठवड्यात काढला, चार्जर लावला, तर बूट करायला डिस्कच सापडत नाही असा संदेश. दुकानदाराने आतली एसएसडी, म्हणजे चिपांवर डेटा साठवणारी डिस्क, काढली. ५१२ जीबीची, अडीच इंची, साटावाली. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर दिसत नाही, आणि मिनिटभरात एका कोपऱ्यात चटका बसेल इतकी तापते. तो म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेलंय. मेमरीच्या चिपा उतरवून मशीनवर वाचून घेऊ, ओळखीचा मुलगा चार हजारांत करतो." लॅपटॉप भंगारात घेऊन दीड हजार देतो, असंही म्हणाला.

एसएसडीचं खोकं बाबांनी जपून ठेवलं होतं. त्यावर "२५६ बिट एईएस हार्डवेअर एन्क्रिप्शन" असं छापलंय. बाबांनी स्वतः असलं काही चालू केलं असेल असं वाटत नाही. चिपा उतरवू देऊ का? उद्या सकाळी त्याला सांगायचं आहे.

---

मिरजकर | रविवार, रात्री १०.१०

वारणाकाठ, बाबांचं काम वाचून भरून आलं. माझा एक पेनड्राइव्ह मोडला होता, तो असाच चिप उतरवून वाचून मिळाला होता. लग्नाचे सगळे फोटो परत आले. चार हजार काही जास्त नाहीत, द्या असं म्हणेन.

---

तांब्याचीतार | रविवार, रात्री १०.३२

ताई, सकाळपर्यंत थांबू नका. आत्ता फोन करा आणि चिपांना हात लावायचा नाही म्हणून सांगा. लॅपटॉपही परत मागवा. बाकीचं फोन झाल्यावर वाचा.

---

वारणाकाठ | रविवार, रात्री १०.५५

फोन केला. नशीब, झाकण उघडलंय पण उतरवलेलं काही नाही. लॅपटॉप दुकानातच आहे, उद्या दोन्ही घेऊन येते. का नको ते सांगाल का? त्याला काय सांगू?

---

तांब्याचीतार | रविवार, रात्री ११.४०

हुश्श. आता नीट लिहितो. डेटा रिकव्हरीत मला बारा वर्षं झाली, त्यातली शेवटची सात निव्वळ फ्लॅशवर, म्हणजे अशा मेमरीच्या चिपांवर.

मिरजकरांचा अनुभव खरा आहे. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, जुन्या काही एसएसडी यांत चिप उतरवून वाचण्याचा मार्ग चालतो. तिथेही डेटा चिपेवर सरळ पडलेला नसतो. कंट्रोलर, म्हणजे चिपांचा कारभार बघणारी मुख्य चिप, तो एका ठरावीक नमुन्याने विस्कटून लिहितो, कारण एकसारखे शून्य-एक सलग लिहिले तर शेजारच्या पेशी एकमेकींना त्रास देतात. पण तो नमुना शोधता येतो, उलटा फिरवता येतो. मग पानं (फ्लॅशमधल्या डेटाच्या तुकड्यांना आम्ही पानं म्हणतो) जुळवायची, चुका दुरुस्त करायच्या. कष्टाचं काम आहे, पण होतं.

एन्क्रिप्शनची, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येऊ नये असा डेटा लिहिण्याची, गोष्ट निराळी. तुमच्यासारख्या ड्राइव्हमध्ये कंट्रोलरच्या पोटातच एईएस या पद्धतीने एन्क्रिप्ट करणारं सर्किट असतं आणि ते कायम चालू असतं. "बाबांनी चालू केलं नसेल" याने फरक पडत नाही. ड्राइव्ह पहिल्या दिवसापासून स्वतःची एक किल्ली बाळगते आणि चिपेवर जाणारा प्रत्येक बाइट त्या किल्लीतून जातो. पासवर्ड ठेवलेला नसेल तर ती किल्ली कुणाला न विचारता वापरली जाते, एवढंच. कंपन्या असं का करतात? एक तर पासवर्ड नंतर ठेवला तरी आधीचा सगळा डेटा पुन्हा लिहावा लागत नाही. दुसरं, ड्राइव्ह पुसायची असेल तर ५१२ जीबी पुसत बसायला नको. किल्ली बदलली की क्षणात सगळं कचरा होतं.

आता ही किल्ली असते कुठे? काही कंट्रोलरांमध्ये ती फ्लॅशच्याच एका राखीव भागात असते, पण कुलूपबंद. काहींत ते कुलूप कंट्रोलरच्या आत कायमच्या कोरलेल्या एका क्रमांकाला बांधलेलं असतं, आणि तो क्रमांक बाहेरून वाचायची सोय मुद्दामच ठेवलेली नसते. म्हणून चिपा उतरवून वाचल्या तर हातात येतो ५१२ जीबीचा गोंधळ. २५६ बिटांची किल्ली अंदाजाने शोधणं हा विषयच नाही, जगातले सगळे कॉम्प्युटर लावले तरी नाही. शिवाय हॉट एअरने चिप उतरवताना एखादा पॅड उखडला तर परत बसवण्याचा रस्ताही बंद.

म्हणजे काम उलट्या बाजूने करायचं. मूळ कंट्रोलर, मूळ बोर्ड आणि मूळ चिपा एकत्र ठेवून त्याच कंट्रोलरला पुन्हा उठवायचं. कुलूप त्यालाच उघडता येतं.

आणि तुमच्या वर्णनात एक चांगली खूण आहे. ड्राइव्ह तापते आहे. तापते म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे, बहुतेक वीजपुरवठ्याच्या भागात. एखादा कपॅसिटर किंवा वीज वाटून देणारी आयसी गेली असेल. आमच्याकडे येणाऱ्या केसेसमधली ही त्यातल्या त्यात बरी जात. वाईट जात म्हणजे विजेने सगळं ठीक, पण फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतला तिचा स्वतःचा प्रोग्राम, मेलेलं. ड्राइव्ह स्वतःचं नावच विसरते. फिझॉनच्या एका कंट्रोलरवाल्या स्वस्त ड्राइव्ह तर अशा वेळी मॉडेलच्या जागी "साटाफर्म एस११" असं नाव दाखवतात. इंटेलच्या ३२० मालिकेत २०११ मध्ये वीज अचानक गेली की काही ड्राइव्ह स्वतःला फक्त ८ एमबीची समजायला लागायच्या. २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने सर्व्हरच्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता. त्यांचा चालू राहिल्याच्या तासांचा हिशोब ३२,७६८ ला पोचला की ड्राइव्ह बंद, डेटासकट. चिपा धडधाकट, पण त्यांच्यापर्यंत नेणारा वाटाड्या गेलेला. अशा वेळी बोर्डवरचे दोन बिंदू जोडून कंट्रोलरला प्राथमिक अवस्थेत उठवतात, पीसी-३००० सारख्या यंत्रातून त्याच्या रॅममध्ये तात्पुरता प्रोग्राम चढवतात आणि त्याच्याकडूनच डेटा वाचून घेतात. उलगडण्याचं काम पुन्हा तोच कंट्रोलर करतो.

एक काळजी मात्र आहे. अडीच वर्षं वीज नाही. फ्लॅशच्या पेशींतला विद्युतभार हळूहळू गळतो. जेडेक या चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीला जी अट आहे ती अशी : आयुष्यभराचं लिहिणं संपत आलेली ड्राइव्ह विजेविना ३० अंश तापमानात एक वर्ष डेटा टिकवेल. बाबांची ड्राइव्ह इतकी झिजलेली नसणार, स्कॅन आणि टायपिंगमध्ये फारसं लिहिलं जात नाही. त्यामुळे बरंच टिकलं असेल. पण सांगलीकडचा उन्हाळा आणि बंद कपाट धरता काही पानं वाचायला त्रास देतील. म्हणून आता उगाच पुन्हा पुन्हा जोडून बघू नका.

मी इथे कामं घेत नाही आणि कुणाचं नावही सुचवणार नाही. पुण्या-मुंबईत नीट काम करणाऱ्या लॅब आहेत. जिथे जाल तिथे एकच प्रश्न विचारा : "याचा कंट्रोलर कोणता, आणि तो एन्क्रिप्ट करतो का?" उत्तर न देता चिपा उतरवायची भाषा सुरू झाली तर तिथून उठा.

---

लिनक्सवाडी | सोमवार, सकाळी ७.१५

वरच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली. तुकड्यातुकड्यांत वाचलेलं पहिल्यांदा सलग कळलं.

वारणाकाठ, बाबा पूर्वी लॅपटॉप सुरू करताना विंडोजच्याही आधी एखादा पासवर्ड टाकायचे का? आठवून बघा.

---

मिरजकर | सोमवार, सकाळी ७.४०

माझा सल्ला मागे घेतो. बरं झालं वेळेत वाचलं.

---

वारणाकाठ | सोमवार, दुपारी १.०५

लिनक्सवाडी, तुम्ही विचारलंत आणि आठवलं. काळ्या पडद्यावर एक लहानसं कुलूप यायचं. बाबा म्हणायचे, लोकांच्या घरचे कागद आहेत, वाटण्यांचे, कर्जाचे, ते उघडे ठेवायचे नाहीत. आता मात्र तो पासवर्ड विचारलाच नाही, म्हणून माझ्या लक्षातून गेलं.

त्यांच्या डायरीत शेवटच्या पानावर "डिस्क" असं लिहून पुढे "आजोळ" आणि त्यांच्या आईचं जन्मवर्ष आहे. देवनागरीत. लॅपटॉप आणि एसएसडी दोन्ही घरी आणलंय.

---

लिनक्सवाडी | सोमवार, दुपारी १.३०

विचारला नाही कारण लॅपटॉपला ड्राइव्ह दिसलीच नाही. दिसली की विचारेल.

तो लॅपटॉप आता ड्राइव्हइतकाच मोलाचा आहे, कोणत्याही कारणाने देऊ नका. हा एटीए पासवर्ड, म्हणजे खुद्द ड्राइव्हला लावलेलं कुलूप. तुम्ही जे टाइप करता तेच जसंच्या तसं ड्राइव्हला जातं असं नाही. बरेच बायोस (लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्राम) त्यावर आपापली प्रक्रिया करून वेगळंच काहीतरी पाठवतात. काही कीबोर्डच्या बटणांचे क्रमांक पाठवतात, काही हॅश, म्हणजे त्यावर गणित करून काढलेला आकडा. म्हणून एका लॅपटॉपवर ठेवलेला बरोबर पासवर्ड दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपवर "चुकीचा" ठरतो. माझ्या मामेभावाने बरोबर पासवर्ड हातात असताना जुना लॅपटॉप विकून टाकला आणि सहा महिने डोकं आपटलं.

चुकीचे पाच प्रयत्न झाले की ड्राइव्ह पुढचं ऐकत नाही, पण वीज बंद करून चालू केली की पुन्हा ऐकते. त्याने डेटा पुसला जात नाही. घाबरू नका. मात्र ड्राइव्हच्या लेबलवर ३२ अक्षरांचा पीएसआयडी असा काही मजकूर असेल आणि कुणी म्हणालं की याने कुलूप निघतं, तर ते करू नका. कुलूप निघतं हे खरं, पण किल्ली बदलूनच.

---

निळू | सोमवार, दुपारी ३.२०

थोडं अवांतर, पण हे वाचून धास्ती वाटायला लागली. मी गेल्या वर्षी विंडोज ११ वाला लॅपटॉप घेतला. मी कधीच काही एन्क्रिप्ट केलेलं नाही. मग मी सुरक्षित ना?

---

लिनक्सवाडी | सोमवार, दुपारी ३.४५

निळू, अवांतर अजिबात नाही. सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं असेल तर बहुतेक तुमची ड्राइव्ह एन्क्रिप्टेड आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून आपोआप एन्क्रिप्शनच्या अटी आणखी सैल झाल्या, त्यामुळे नव्याने विंडोज टाकलेल्या कितीतरी जास्त मशिनींवर ते आपोआप सुरू होतं. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपेला बांधलेली असते. मदरबोर्ड गेला किंवा ड्राइव्ह दुसरीकडे लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागते.

तो ४८ अंकी आकडा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेला असतो. आजच ब्राउझरमधून खात्यात जा, उपकरणांच्या यादीत रिकव्हरी की शोधा, कागदावर लिहून घ्या. दुकानदाराने त्याच्या स्वतःच्या खात्याने लॅपटॉप सुरू करून दिला असेल तर किल्ली त्याच्या खात्यात असू शकते. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. आणि हे एन्क्रिप्शन कंट्रोलरच्या एन्क्रिप्शनच्या वरचं. लॅबने कंट्रोलर उठवून सगळं वाचून दिलं तरी हे दुसरं कुलूप ४८ अंकांशिवाय उघडत नाही.

---

निळू | सोमवार, संध्याकाळी ६.१०

चालू होतं! किल्ली खात्यात सापडली. दोन प्रती लिहिल्या, एक आईकडे ठेवली. मनापासून आभार.

---

बिटबिट | सोमवार, रात्री ९.००

या विषयातला एक धागा इथे जोडतो, कारण तो वारणाकाठ यांच्या उपयोगाचा ठरू शकतो.

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठातल्या कार्लो मायर आणि बर्नार्ड व्हान गास्टेल या दोघांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये एक संशोधन जाहीर केलं. क्रुशियलच्या एमएक्स १००, २००, ३०० आणि सॅमसंगच्या ८४० इव्हो, ८५० इव्हो, टी३, टी५ अशा ड्राइव्हचं फर्मवेअर त्यांनी तपासलं. काहींत त्यांना असं आढळलं की पासवर्ड आणि खरी किल्ली यांचा गणिती संबंधच नाही. पासवर्ड बरोबर आहे का एवढं फर्मवेअर तपासतं आणि मग दार उघडतं, किल्ली दाराशेजारीच टांगलेली. फर्मवेअरमधली ती तपासणी बदलली की कोणताही पासवर्ड चालतो. त्यात विंडोजची एन्क्रिप्शनची सोय, म्हणजे बिटलॉकर, तेव्हा, ड्राइव्ह स्वतः एन्क्रिप्ट करते म्हटल्यावर, स्वतःचं काम तिच्यावर सोपवून मोकळी व्हायची. मायक्रोसॉफ्टला सूचना काढावी लागली आणि २०१९ मध्ये विंडोजने आपणहून ड्राइव्हवर विसंबणं बंद केलं.

सुरक्षेच्या दृष्टीने ही वाईट बातमी. पण पासवर्ड हरवलेल्या माणसाला त्याच भोकातून आत जाता येतं. ताई, उद्या "आजोळ" चाललंच नाही तर ड्राइव्हचं मॉडेल लॅबला विचारा.

---

तांब्याचीतार | सोमवार, रात्री ९.४०

बिटबिट, अगदी नेमकं लिहिलंत. एक पुस्ती जोडतो. ते भोक वापरायलाही कंट्रोलर जिवंत लागतो. तो स्वतः जळाला असेल तर या संशोधनाचा उपयोग नाही. आमच्याकडे दर महिन्याला एकदोघांना "नाही" सांगावं लागतं ते याच कारणाने. समोर बसलेल्या माणसाला चिपा बोटाने दाखवाव्या लागतात. डेटा इथेच आहे, एकही बिट हरवलेला नाही, आणि तरी तो कुणालाच मिळणार नाही. हे सांगणं मला अजून सोपं झालेलं नाही.

---

दूरदेशी | मंगळवार, पहाटे ४.५०

टोरांटोहून लिहिते आहे. मुलीच्या २०१९ च्या मॅकबुकवर चहा सांडला तेव्हा मी हेच सगळं शिकले. २०१८ पासूनच्या मॅकबुक प्रो आणि एअरमध्ये टी२ नावाची चिप आली, आणि २०२० च्या एम१ पासून तेच काम मुख्य चिपेच्या आत गेलं. मेमरी बोर्डवरच डकवलेली, किल्ली त्या सुरक्षित चिपेत कोरलेल्या क्रमांकाला बांधलेली. फाइलव्हॉल्ट ही मॅकची एन्क्रिप्शनची सोय बंद ठेवली तरी मेमरीवरचा डेटा एन्क्रिप्टेडच. त्यामुळे बोर्ड बदललं की लॅपटॉप ठणठणीत, पण डेटा गेला.

आम्ही बोर्ड बदलू दिलं नाही. एका बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली तीन दिवस बसून गंजलेला भाग साफ केला, विजेची एक वाट दुरुस्त केली आणि बोर्ड फक्त एकदा, डेटा उतरण्यापुरतं उठवलं. पडदा नाही, कीबोर्ड नाही, नुसतं बोर्ड टेबलावर. मुलीचा प्रबंध त्या चाळीस मिनिटांत बाहेर आला. ताई, तुमच्या बाबांचंही निघो.

---

ओटीवरचा | मंगळवार, सकाळी ८.२०

एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवून बघा. माझी हार्ड डिस्क तशी चालू झाली होती.

---

तांब्याचीतार | मंगळवार, सकाळी ८.३५

कृपया नको. फिरणाऱ्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये अडकलेला भाग थंडीने क्वचित सुटायचा, तिथून ही युक्ती आली. एसएसडीत फिरणारं काही नाही. बाहेर काढल्यावर बोर्डवर दव धरतं, आणि शॉर्ट आधीच आहे.

---

वारणाकाठ | शुक्रवार, रात्री ८.१५

पुण्याला जाऊन आले. तुम्ही सांगितलेला प्रश्न विचारला. पहिल्या ठिकाणी उत्तर मिळालं नाही, उठले. दुसऱ्या ठिकाणच्या मुलाने झाकण उघडून कंट्रोलरचा क्रमांक वाचला आणि म्हणाला, "हा एन्क्रिप्ट करतोच, चिपा काढून उपयोग नाही." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

त्याने माझ्यासमोरच काम सुरू केलं. बोर्डवर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे थेंब टाकले, बाहेरून थोडीशी वीज दिली. एका ठिकाणचं अल्कोहोल बाकीच्याच्या आधी उडून गेलं. तिथे तीळ असावा तेवढा एक कपॅसिटर. मल्टिमीटरने खात्री केली आणि तो उचलून बाजूला ठेवला. शॉर्ट गेला. वीज वाटणारी आयसी त्याला बरी वाटली. ड्राइव्ह जोडली तर नाव आणि ५१२ जीबी बरोबर दिसलं, आणि पुढे "कुलूपबंद".

मग बाबांचा लॅपटॉप. मी तो बरोबर नेला होता, लिनक्सवाडी, तुमच्यामुळे. त्यात ड्राइव्ह बसवली आणि तेच लहान कुलूप आलं. "आजोळ"च्या सुरुवातीला रोमन लिपीत एक ए की दोन? शेवटच्या ळ चा एल लहान की मोठा? तीनदा चुकलं. चौथ्यांदा दोन ए आणि मोठा एल, पुढे आजीचं जन्मवर्ष. उघडलं. मला रडू आवरलं नाही. त्या मुलाने पाणी आणून दिलं आणि काही न बोलता पुढच्या कामाला लागला.

त्याने विंडोज सुरू होऊ दिलं नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून सगळी ड्राइव्ह दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावली आहे.

---

लिनक्सवाडी | शुक्रवार, रात्री ८.३०

दोन ए आणि मोठा एल!! वाचताना अंगावर काटा आला.

विंडोज सुरू होऊ दिलं नाही हे फार छान केलं. ते सुरू झालं की स्वतःहून लिहायला लागतं, आणि मोकळ्या जागेबद्दल ड्राइव्हला ट्रिमची, म्हणजे ही जागा आता पुसली तरी चालेल अशी, सूचनाही पाठवतं. ट्रिम झालेल्या जागेवरचं एसएसडी कधी पुसेल सांगता येत नाही. डिस्कची नक्कल काढणारा जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरतोय ना? तो आधी सहज निघेल ते उचलतो, अडलेल्या जागा नकाशाच्या फाइलमध्ये नोंदवून पुढे जातो आणि मागाहून परत येतो. मध्येच बंद पडलं तरी नकाशामुळे राहिलेलंच वाचतो.

---

कागदवेडा | शनिवार, सकाळी १०.००

मी मोडी वाचतो, वीस वर्षं. तंत्राचं मला काही कळत नाही, पण रविवारपासून हा धागा दिवसातून चारदा उघडतो आहे. ताई, काय झालं?

---

वारणाकाठ | बुधवार, रात्री ९.०५

उशीर झाला, माफ करा. काम सोपं नव्हतं.

पहिल्या फेरीत बहुतेक सगळं निघालं. पण काही जागी ड्राइव्ह अडून बसायची, काहीच उत्तर द्यायची नाही. मग वीज बंद करायची, आणि वीज बंद झाली की कुलूप परत लागतं. पुन्हा लॅपटॉप, पुन्हा आजोळ, पुन्हा पेनड्राइव्ह. असं एकोणीस वेळा केलं, असं तो म्हणाला. शेवटी शेवटी ड्राइव्ह थंड राहावी म्हणून छोटा पंखा लावला होता.

बाबांचे ४,३१२ स्कॅन आहेत. ४,२५१ पूर्ण उघडतात. लिप्यंतराच्या फाइली सगळ्याच्या सगळ्या आल्या. ६१ स्कॅन अर्धवट आहेत, वरचा भाग दिसतो आणि खाली राखाडी पट्टे. त्यातल्या ३८ कागदांचं लिप्यंतर बाबांनी केलं नव्हतं, आणि ती दप्तरं पुरात गेलेल्या घरांमधली आहेत. त्या घरांतल्या लोकांना मी काल फोन केले. एक आजोबा म्हणाले, वरचा भाग तरी दिसतो ना, मला बघायला बोलव.

तांब्याचीतार, त्या ६१ मध्ये आणखी काही होऊ शकतं का?

---

तांब्याचीतार | बुधवार, रात्री ९.५०

ताई, ४,२५१! फार आनंद झाला.

जेपेग फाइल वरून खाली उलगडत जाते. मधला एखादा तुकडा नसला की त्याच्या पुढचं सगळं बिघडलेलं दिसतं, जरी पुढचा डेटा फाइलमध्ये शाबूत असला तरी. म्हणून राखाडी दिसतंय त्यातलं सगळं गेलेलं नसावं. हाताने दुरुस्ती करून खालचा भागही थोडाफार दिसता करता येतो. एकेका फाइलला वेळ लागतो. हे काम मात्र मी घेईन, आणि पैसे घेणार नाही. मूळ प्रतीला हात न लावता फक्त त्या ६१ फाइलींची नक्कल पाठवा. ड्राइव्ह पुन्हा वाचायला लावू नका, तिच्याकडून जेवढं मिळायचं ते मिळालं आहे. पण टाकूनही देऊ नका, लॅपटॉपशेजारीच ठेवा. आणि उतरवलेल्या डिस्कची एक प्रत आज रात्रीच करा. सध्या तुमच्याकडे सगळं पुन्हा एकाच डिस्कवर आहे.

---

वारणाकाठ | बुधवार, रात्री १०.४०

प्रत चालू केली आहे, साडेतीन तास दाखवतंय. दुसरी प्रत उद्या मिरजेला मावशीकडे नेऊन ठेवते. तिसऱ्या मजल्यावर राहते ती.

---

कागदवेडा | बुधवार, रात्री ११.१५

ताई, त्या ३८ चे वरचे भाग मलाही पाठवा. पत्राचा मायना वरच असतो, कोणी कोणाला लिहिलंय ते तेवढ्यावरून लागेल. हिशोबाचा कागद असेल तर निदान घराचं नाव मिळेल. तांब्याचीतार खालचा भाग उघडत जातील तसतसा मी पुढे वाचत जाईन. बाबा लिप्यंतर करताना ओळ कशी मोडायचे, शंका असलेल्या अक्षरापुढे कोणती खूण करायचे, ते बघायला त्यांच्या दोन-चार फाइलीही द्या. त्याच पद्धतीने लिहितो.